चालत्या संगणकाची मेमरी : घालणे सोपे, काढणे कठीण

संगणक बंद न करता त्याची मेमरी वाढवता येते काय? आणि एकदा वाढवलेली मेमरी, संगणक चालू असतानाच, परत काढून घेता येते काय? हे प्रश्न ऐकले की पुष्कळांना वाटते, हे तर मोठ्या इंजिनिअर लोकांचे काम, आपल्याला त्याच्याशी काय करायचे आहे! परंतु वाचकहो, हा प्रश्न आता आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डाटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. अशा ठिकाणी रात्रपाळीला जाणाऱ्यांत कामगारांच्या घरची मुले-मुलीही असतात. आपली मुलगी रात्रभर त्या थंडगार खोलीत बसून नेमके काय सांभाळते, हे आई-वडिलांना ठाऊक असावे, आणि जी मुले अजून शिकत आहेत त्यांना मुलाखतीला जाण्यापूर्वी या विषयाची तोंडओळख असावी, एवढ्यासाठी आम्ही या वेळी हा विषय घेतला आहे.

प्रथम एक इशारा. आपल्या घरचा किंवा गल्लीतल्या दुकानातला साधा संगणक उघडून, तो चालू असताना त्यात मेमरीची पट्टी बसवू नये की उपटू नये. घरचे यंत्र त्यासाठी बनवलेले नसते. पट्टी जळते, बोर्ड जळतो आणि पैसे बुडतात. आधी संगणक बंद करावा, वायर भिंतीतून काढावी, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, मगच हात लावावा. खाली जे सांगणार आहोत ते मोठ्या सर्व्हर यंत्रांविषयी, आणि एका खऱ्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या मानीव यंत्रांविषयी, ज्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, त्यांच्याविषयी आहे.

मेमरी म्हणजे काय, कर्नल म्हणजे कोण

डिस्क म्हणजे घरातले कपाट. त्यात ठेवलेले सामान वीज गेली तरी राहते. रॅम, म्हणजेच मेमरी, ही ओट्यावरची जागा. ज्या सामानावर आत्ता काम चालू आहे ते कपाटातून काढून ओट्यावर मांडावे लागते. ओटा लहान पडला की काम रखडते.

ही जागा कोणाला किती द्यायची हे ठरवणारा कारभारी म्हणजे कर्नल. हा शब्द वाचून सैन्यातला अधिकारी डोळ्यांपुढे आणू नये. दाण्याच्या आतल्या गराला इंग्रजीत जो शब्द आहे तो हा. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, असा त्याचा अर्थ. लिनक्स नावाचा कर्नल १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात. तो फुकट मिळतो आणि त्याची आतली लिखावट कोणालाही उघडून वाचता येते. म्हणून आम्ही उदाहरण त्याचेच घेतो.

कर्नल मेमरीचे सारखे तुकडे पाडतो. नेहमीच्या सर्व्हरवर एक तुकडा ४०९६ बाइटचा असतो. त्याला पान म्हणतात. प्रत्येक पानासाठी कर्नल आपल्या नोंदवहीत एक ओळ लिहितो : हे पान रिकामे आहे की भरलेले, भरलेले असेल तर कोणाचे आहे. ही एक ओळ साधारण ६४ बाइटची असते. म्हणजे मेमरीचा चौसष्टावा हिस्सा नुसत्या नोंदवहीत जातो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

घालण्याच्या दोन पायऱ्या

चालत्या यंत्रात मेमरी घालण्याला 'हॉट-ॲड' म्हणतात. 'हॉट' म्हणजे गरम नव्हे, चालू. वायरमन चालू लाइनवर काम करतो, तसेच हे.

पहिली पायरी अशी. नवी मेमरी आली, ती अमक्या पत्त्यापासून तमक्या पत्त्यापर्यंत आहे, असा निरोप कर्नलला मिळतो. कर्नल तिचे गट पाडतो. नेहमीच्या ६४ बिट सर्व्हरवर लहानात लहान गट १२८ एमबीचा असतो. मोठ्या यंत्रांत तो २ जीबीचाही असतो. १२८ एमबीच्या एका गटात ३२,७६८ पाने होतात, आणि त्यांच्या नोंदवहीला २ एमबी जागा लागते. ही वही तयार झाली की पहिली पायरी संपली. पण अजून एकही पान कोणाला मिळालेले नाही. चाळ बांधून झाली, खोल्यांवर नंबर पडले, परंतु कुलपे उघडलेली नाहीत, अशी ही स्थिती. हिला 'ऑफलाइन' म्हणतात.

दुसरी पायरी म्हणजे कुलपे उघडणे. त्या गटाला 'ऑनलाइन' करा असे सांगितले की त्यातली पाने वाटपासाठी खुली होतात.

नव्याने कामाला लागलेली मुले येथेच गोंधळतात. व्हर्च्युअल मशीनला मेमरी दिली, तरी आत ती वाढलेली दिसत नाही. मग यंत्र बिघडले अशी तक्रार वर जाते. पुष्कळदा बिघडलेले काहीच नसते, गट ऑफलाइन राहिलेला असतो. काही यंत्रांत कर्नल आपण होऊनच गट ऑनलाइन करतो, काहींत ते हाताने करावे लागते. आपल्या यंत्रात काय ठरले आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. नोंदवहीलाच जागा लागते, आणि नेहमीच्या रीतीने ती जुन्या मेमरीतून काढली जाते. जुनी मेमरी काठोकाठ भरली असेल, तर नवी घालण्याचे कामच फसू शकते. घरात दाणा उरला नाही म्हणजे मग गिरणीकडे जायचे, असे करून चालत नाही. २०२१ मध्ये लिनक्समध्ये अशी सोय आली की नव्या मेमरीची वही त्याच नव्या मेमरीत लिहिता यावी. पण ती सोय सुरू केलेली असेल तरच तिचा उपयोग. म्हणून मेमरी अगदी संपेपर्यंत वाट पाहू नये.

काढताना काय होते

आता खरा प्रश्न. घातलेली मेमरी काढायची कशी?

इतिहास पाहिला तरी यातली अवघड बाजू कोणती ते कळते. लिनक्समध्ये मेमरी घालण्याची सोय २००५ मध्ये आली. ती रिकामी करून बाजूला काढण्याची सोय २००७ मध्ये लिहून झाली, आणि त्यात जपानच्या फुजित्सू कंपनीचे कामेझावा हिरोयुकी यांचा मोठा वाटा होता. नेहमीच्या ६४ बिट सर्व्हरवर नोंदवहीसकट सगळे आवरून मेमरी पुरती काढण्याचे काम २०१३ मध्ये मार्गी लागले. घालणे आणि पुरते काढणे यांत इतकी वर्षे गेली, ती उगीच नाहीत.

काढण्याच्याही दोनच पायऱ्या आहेत, फक्त उलट्या. आधी गट ऑफलाइन करायचा, मग त्याची वही मिटून मेमरी काढायची. दुसरी पायरी सोपी. सगळा त्रास पहिलीत आहे, कारण त्या गटात आता माणसे राहतात, म्हणजे चालू प्रोग्रामचे सामान राहते.

कर्नल काय करतो? तो प्रथम त्या गटाला वेगळे काढतो, म्हणजे तिथले रिकामे पान यापुढे कोणालाही मिळत नाही. मग भरलेले एकेक पान घेतो, दुसऱ्या गटात रिकामे पान शोधतो, त्यात मजकूर जसाच्या तसा उतरवतो, आणि त्या प्रोग्रामच्या पत्त्याच्या तक्त्यात जुन्या जागेऐवजी नवी जागा लिहून टाकतो. प्रोग्रामला याचा पत्ताही लागत नाही. त्याला स्वतःच्या खोलीचा नंबर तेवढा ठाऊक असतो, ती खोली खरोखर कोणत्या इमारतीत आहे ते त्याला कधीच ठाऊक नव्हते. नंबर तोच राहिला, इमारत बदलली. शेवटचे पान रिकामे झाले की गट ऑफलाइन होतो.

यात दोन अटी आहेत. एक, बाकीच्या मेमरीत तेवढी जागा मोकळी हवी. दुसरीकडे सोय न करता कोणाला हलवता येत नाही. दोन, गटातले प्रत्येक पान हलले पाहिजे. ३२,७६८ पानांतले एकच पान अडून बसले, तरी सबंध गट अडतो.

हलणारे आणि न हलणारे

पान अडून का बसते? कारण सगळीच पाने प्रोग्रामची नसतात. काही खुद्द कर्नलची असतात. चाळीतले भाडेकरू दुसरीकडे हलवता येतात, पण पाण्याची टाकी आणि विजेच्या मीटरची पेटी हलवता येत नाही. साऱ्या चाळीचे नळ आणि वायरी तिथूनच गेलेल्या असतात. कर्नल स्वतःच्या पानांपर्यंत थेट पत्त्याने जातो, मधे बदलता येईल असा तक्ता नसतो. तोच पत्ता आत असंख्य ठिकाणी लिहिलेला असतो. तो सगळीकडे शोधून बदलणे जमत नाही. शिवाय काही उपकरणे, उदाहरणार्थ जलद नेटवर्क कार्डे, थेट मेमरीत लिहितात. त्यांच्यासाठी पान खिळ्याने ठोकल्यासारखे जागेवर ठेवावे लागते.

यावर उपाय काय? आयर्लंडचे मेल गोर्मन यांनी लिहिलेली एक रचना २००७ मध्ये लिनक्समध्ये आली. तिला 'मूव्हेबल झोन' म्हणतात, म्हणजे हलणाऱ्यांचा विभाग. मेमरी ऑनलाइन करतानाच सांगायचे की हा गट हलणाऱ्यांच्या विभागात घाला. मग कर्नल आपली टाकी आणि मीटरची पेटी तिथे बांधत नाही. तिथे प्रोग्रामची हलवता येणारी पानेच राहतात. एखादे पान दीर्घकाळ खिळून ठेवायचे झाले, तर आताचा कर्नल ते आधी या विभागातून बाहेर नेतो. अशा विभागातला गट पुढे रिकामा करता येण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

वाचकहो, या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे. मेमरी परत काढायची आहे की नाही, हे काढताना ठरवायचे नसते, घालताना ठरवायचे असते. साध्या विभागात घातलेल्या गटात दोन दिवसांत कर्नलचे एखादे पान जाऊन बसते, आणि मग तो गट सुटेलच असे कोणी सांगू शकत नाही.

मग सगळीच मेमरी हलणाऱ्यांच्या विभागात का घालू नये? कारण कर्नललाही जागा लागते. नोंदवही, पत्त्यांचे तक्ते, उघडलेल्या फायलींचा हिशेब, हे सारे न हलणारे सामान आहे. कर्नलच्या माहितीपुस्तिकेत म्हटले आहे की हलणारी जागा तीन किंवा चार हिस्से आणि कर्नलची एक हिस्सा, हे प्रमाण चालून जाऊ शकते. परंतु ६३ ला १ हे प्रमाण अशक्यच. का ते आता तुम्हीच सांगू शकाल. ६४ जीबी मेमरीची नुसती नोंदवहीच १ जीबीची होते. कर्नलचा सगळा हिस्सा वहीतच संपला, तर तो उभा कुठे राहणार? प्रमाण चुकले तर विचित्र प्रकार घडतो. मेमरी भरपूर मोकळी दिसते, तरी कर्नलला स्वतःसाठी पान मिळत नाही, आणि तो जागेसाठी चालू प्रोग्राम मारू लागतो.

जबरदस्ती चालत नाही

गट ऑफलाइन होत नसेल तर कर्नल पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे पुष्कळ वेळ चालू शकते. कंटाळून ते काम मधेच थांबवले, तर गट पूर्ववत ऑनलाइन होतो आणि कोणाचेही नुकसान होत नाही.

एके काळी यात एक आडवाट होती. 'फोर्स रिमूव्ह' नावाचे एक बटण होते. ते सुरू केले की ऑफलाइन झाले नाही तरी भाग काढून घ्या, असा हुकूम देता येत असे. परिणाम काय होणार? ज्याचे सामान आत आहे त्याच्या पायाखालची जमीनच जायची. हिशेब बिघडायचा, मजकूर नासायचा. ही सोय मुळातच धोक्याची आहे असे ठरवून २०१७ मध्ये ती लिनक्समधून काढून टाकण्यात आली. आत राहणाऱ्यांची सोय झाल्याशिवाय जागा रिकामी करायची नाही, हाच नियम उरला.

रात्रपाळीच्या मुलांना आमचे सांगणे आहे की वरिष्ठ फोनवर कितीही घाई करोत, गट ऑफलाइन झाल्याची खात्री होण्यापूर्वी पट्टीला हात लावू नये. आणखी एक. मोठ्या यंत्रांत वेगासाठी एकाच पट्ट्यातले पत्ते अनेक पट्ट्यांवर विखरून ठेवतात. म्हणून एक गट ऑफलाइन झाला म्हणजे अमकी एक पट्टी मोकळी झाली, असे समजू नये. त्या यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे तेच पाहावे. एखादे पानच तेवढे खराब निघाले असेल, तर पट्टी काढण्याची गरजही नसते. २००९ पासून लिनक्स तसे एक पान वापरातून बाद करून बाकीची मेमरी चालू ठेवू शकतो.

भाड्याची मेमरी

आता पट्ट्यांपेक्षा हे काम व्हर्च्युअल मशीनमध्ये जास्त चालते. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक भाडेकरू यंत्रे असतात. दिवसा एकाला जास्त मेमरी लागते, रात्री दुसऱ्याला. घेतलेली परत देता आली नाही, तर भाडे चालूच राहते.

यासाठी जुनी युक्ती म्हणजे फुगा. व्हीएमवेअर कंपनीचे कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये तिची माहिती निबंधातून मांडली. भाडेकरू यंत्राच्या आत एक छोटा प्रोग्राम फुग्यासारखा फुगतो, पाने अडवून धरतो, आणि ती पाने मालक यंत्राला वापरायला मिळतात. फुगा एकेक पान उचलतो, म्हणून जागा लवकर मिळते, पण सगळीकडे विखुरलेली मिळते. दुसरी युक्ती 'व्हर्टिओ-मेम'. ती रेड हॅट कंपनीचे डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी तयार केली आणि २०२० मध्ये लिनक्समध्ये आली. हिच्यात अख्खी पट्टी रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. काही एमबीचे तुकडे जसे सुटतील तसे परत करता येतात. दहा मागितले आणि सातच सुटले, तर सात परत जातात.

घरी काय करून पाहावे

यासाठी महागडा क्लास लावण्याची गरज नाही. लिनक्स टाकलेला साधा लॅपटॉप पुरतो. त्यात 'एलएसमेम' हा हुकूम दिला की मेमरीचे गट आणि त्यांची स्थिती दिसते. मग 'क्यूईएमयू' नावाच्या मोफत प्रोग्रामने एक व्हर्च्युअल मशीन तयार करावे. ते सुरू करतानाच, पुढे किती खाचा आणि जास्तीत जास्त किती मेमरी लागेल, हे सांगून ठेवावे लागते. तेव्हा सांगितले नाही तर नंतर घालता येत नाही. मग त्यात मेमरी घालावी, 'सीएचमेम' हुकुमाने गट ऑनलाइन आणि ऑफलाइन करून पाहावेत. एकदा साध्या विभागात घालून पाहावे, एकदा हलणाऱ्यांच्या विभागात, आणि दोन्हींतला फरक वहीत लिहावा.

गटाच्या माहितीत 'रिमूव्हेबल' अशी एक पाटी दिसेल. तिच्यावर विसंबू नये. पूर्वी ती गट सुटण्याची शक्यता सांगत असे. आता कर्नलमध्ये ऑफलाइन करण्याची सोय आहे, एवढेच ती सांगते. गट खरोखर सुटतो की नाही हे करून पाहिल्यावरच कळते.

मुलाखतीत कोणी विचारले की मेमरी घालणे आणि काढणे यांत कठीण काय, तर उत्तर पाठ करून नव्हे, समजून द्यावे : काढणे कठीण, कारण आत राहणाऱ्या प्रत्येकाची आधी दुसरीकडे सोय लावावी लागते आणि काही रहिवासी हलू शकतच नाहीत. एवढे जो स्वतः करून पाहून सांगेल, त्याला विषय समजला आहे हे समोरच्याला ओळखू येईल. आणि आई-वडिलांनी मुलीला रात्रपाळीच्या कामाविषयी विचारावे. ती सांगेल ते आता परके वाटणार नाही.